कॅमेरा नंबर चार

अमृतकुंज सोसायटीच्या सेक्रेटरी अनुपमा करंदीकर बुधवारी सकाळी साडेआठला शारदानगर पोलीस ठाण्यात आल्या, तेव्हा त्यांच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता आणि टॉवेलाच्या कडेनं शाम्पूचा फेस कानावर उतरत होता. ठाणे अंमलदारानं त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत.

"आमचा पाण्याचा पंप चोरीला गेलाय," त्या म्हणाल्या. "अठ्ठेचाळीस फ्लॅट आहेत आणि कुणाच्याही नळाला थेंब नाही. मला राऊळसाहेबांना भेटायचंय. ते आमच्याकडे सुरक्षेवर व्याख्यान द्यायला आले होते."

सहायक पोलीस निरीक्षक विद्याधर राऊळ पलीकडच्या टेबलावर चहा पीत होते. 'अमृतकुंज' हा शब्द कानावर पडला आणि त्यांचा कप ओठांपाशीच थांबला. काल, मंगळवारी, दुपारी दोन ते पावणेतीन ते स्वतः अमृतकुंजच्या पंपाच्या खोलीपाशी शिडीवर उभे होते. ठाण्याच्या डायरीप्रमाणे मात्र त्या वेळी ते कोर्टात होते.

राऊळ मूळचे देवगडकडचे. त्यांना आयटीआय करून वायरमन व्हायचं होतं. पण गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी त्यांना पोलीसभरतीच्या रांगेत उभं केलं आणि वायरमन राहून गेला. चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर एका सोसायटीत बंद पडलेला कॅमेरा त्यांनी सहज खोलून पाहिला, तो दहा मिनिटांत चालू झाला आणि त्यांना आयुष्यात फार दिवसांनी बरं वाटलं. सहा महिन्यांत 'गंधाली सिक्युरिटी सिस्टिम्स' सुरू झाली. गंधाली हे मुलीचं नाव. कागदावर मालक होता बायकोचा भाऊ मुकुल, ज्याला प्लस आणि मायनस यांतला फरक विचारूनच सांगता यायचा. गिऱ्हाइकं राऊळ आणायचे. सोसायट्यांमध्ये वर्दीत व्याख्यान द्यायचे, घरफोड्यांचे किस्से सांगून बायाबापड्यांना घाबरवायचे आणि शेवटी कुणीतरी विचारायचंच की साहेब, कॅमेरे घ्यायचे कुणाकडून. मग ते पंख्याकडे बघत म्हणायचे, "तसं मला सांगता येणार नाही. पण ती गंधालीवाली माणसं बरी आहेत, असं ऐकलंय." अशा अकरा सोसायट्या झाल्या होत्या. कधी मनाला टोचलंच, तर आपण वायर किती चांगल्या प्रतीची वापरतो, हे ते आठवायचे.

कॅमेरे लावायलाही तेच जायचे, पण टोपी आणि मास्क घालून. मुकुलनं सगळीकडे सांगून ठेवलं होतं की आमच्या इंजिनियरला धुळीची ॲलर्जी आहे.

अमृतकुंजचा कॅमेरा नंबर चार धूसर दिसतो, अशी तक्रार होती. तो मागच्या गेटकडे आणि पंपाच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून होता आणि त्याची वायर पंपाच्या खोलीतून येत होती. काल राऊळ शिडीवर असतानाच वरिष्ठ निरीक्षक खानविलकरांचा फोन आला. "राऊळ, कुठे आहेस?" "कोर्टात, साहेब." "आटप आणि ये लवकर." राऊळ घाईनं उतरले. शिडी मिटली, पिशवी उचलली आणि निघाले. आता ते सगळं एकेक करून आठवत होते. शिडी आठवत होती, पिशवी आठवत होती. पंपाच्या खोलीचं कुलूप दाबल्याचा खट आवाज काही केल्या आठवत नव्हता.

"राऊळ," खानविलकर आपल्या केबिनच्या दारातून म्हणाले, "तपास तुझ्याकडे. त्या बाई तुलाच मागतायत. दिशाला घेऊन जा."

उपनिरीक्षक दिशा वाघचौरे ठाण्यात येऊन चार महिने झाले होते. ती कमी बोलायची आणि सगळं लिहून घ्यायची. राऊळांना एरवी तिचं कौतुक वाटायचं.

सोसायटीच्या आवारात बादल्या घेतलेली माणसं उभी होती. पंपाच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत सिमेंटचा चौथरा, त्यावर चार बोल्टांची भोकं आणि कापलेल्या पाइपांची दोन तोंडं. कुलूप कडीला नुसतंच लटकत होतं. दिशानं रुमालानं धरून ते उलटसुलट पाहिलं.

"फोडलेलं नाही, सर. उघडंच होतं, नाहीतर कुणीतरी किल्लीनं उघडलं."

"असेल," राऊळ म्हणाले.

"किल्ली कुणाकडे असते?"

"वॉचमनकडे," अनुपमाबाई म्हणाल्या आणि चंद्रप्रकाशला हाक मारली. चंद्रप्रकाश पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस होता. नऊ वर्षं याच गेटवर काढल्यानं त्याची मराठी बरीच सोसायटीसारखी झाली होती.

"काल इथे कोण आलं होतं?" दिशानं विचारलं.

"कॅमेऱ्याचे इंजिनियरसाहेब आले होते, मॅडम. त्यांनी किल्ली मागितली, मी दिली. मग सेक्रेटरी मॅडमचा सिलेंडर आला, तो घेऊन मी चौथ्या मजल्यावर गेलो. खाली आलो तर साहेब गेले होते. किल्ली खुर्चीवर ठेवली होती."

"कुलूप लावलं होतं का, ते पाहिलंस?"

"नाय पाहिलं."

"दिसायला कसे आहेत हे इंजिनियर?"

चंद्रप्रकाशनं क्षणभर राऊळांकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. "टोपी होती, मास्क होता. चेहरा नाय बघितला कधी."

राऊळ वळून पाइपांची कापलेली तोंडं पाहायला लागले.

"कॅमेरा आहेच की," दिशा वर बघत म्हणाली. "त्या इंजिनियरचं रेकॉर्डिंग बघू."

सोसायटीच्या ऑफिसात टीव्हीएवढा पडदा होता आणि खाली रेकॉर्डिंगचा डबा. चालू चित्र दिसत होतं, पण मागचं काढायला पासवर्ड लागत होता आणि तो कंपनीकडे होता. डब्यावर कंपनीचं स्टिकर होतं, त्यावर मोबाइल नंबर. दिशानं आपला फोन काढला.

तो नंबर ज्या फोनचा होता, तो राऊळांच्या पँटच्या उजव्या खिशात होता. आवाज बंद होता, पण थरथर चालू होती, आणि त्याच खिशात घराच्या किल्ल्या होत्या.

"मी जरा मागची भिंत बघून येतो," राऊळ म्हणाले आणि दिशाचं बोट फोनवर टेकायच्या आत बाहेर पडले. पाण्याच्या टाकीमागे पोचेपर्यंत खिसा वाजायला लागला होता. त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

"हां जी, गंधाली सिक्युरिटी."

"शारदानगर पोलीस ठाण्यातून बोलतेय. अमृतकुंजमध्ये काल तुमचा इंजिनियर आला होता, त्याचं नाव काय?"

"वो तो मॅडम, गाव चला गया."

"काल होता आणि आज गावी?"

"अर्जंट था मॅडम."

"अर्ध्या तासात पासवर्डवाला माणूस इथे पाठवा. नाही आला तर तुमच्या दुकानाला सील लावते."

"हां जी, भेजता हूँ," राऊळ म्हणाले. तेवढ्यात कंपाउंडबाहेरून भाजीवाला ओरडत गेला, 'मेथी, पालक, लाल माठ'. राऊळांनी फोन कापला, घाम पुसला आणि भिंतीचं निरीक्षण करत परत आले.

दिशा फोन हातात धरून उभी होती. "सर, त्या माणसाचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला."

"कंपनीवाल्यांचे आवाज सारखेच असतात."

"आणि फोनमध्ये भाजीवाला ओरडत होता. आपल्या इथेही त्याच वेळी ओरडला. मेथी, पालक, लाल माठ. त्याच क्रमानं."

"जवळच असेल मग दुकान," राऊळ म्हणाले. त्यांना स्वतःलाच हे उत्तर बरं वाटलं. दिशानं ते लिहून घेतलं, तेव्हा कमी बरं वाटलं.

ते पुन्हा टाकीमागे गेले आणि मुकुलला फोन लावला. मुकुल झोपेतून उठला होता.

"अमृतकुंजला ये. आत्ताच्या आत्ता. डब्याचा पासवर्ड गंधालीची जन्मतारीख."

"गंधालीचो वाढदिवस कधी असता, भावजी?"

राऊळांनी तारीख सांगितली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ऐक. मंगळवारचं दोन ते चार, कॅमेरा चार. तेवढं उडव. मॅडम विचारतील, तर चुकून बटण दाबलं गेलं म्हण."

"भावजी, ह्या बरा नाय."

"तू कर सांगतो तसं."

"पंप कोणी नेल्यान, ता त्याच्यातच असतला ना?"

राऊळांना ते ठाऊक होतं. गेले दोन तास ते त्याच गोष्टीभोवती पाय उचलून चालत होते. "लवकर ये," एवढंच ते म्हणाले.

तितक्यात खानविलकरांचा निरोप आला. त्यांनी हवालदार पाठवून चंद्रप्रकाशला ठाण्यात बोलावून घेतलं होतं. राऊळ दिशाला ऑफिसात ठेवून ठाण्यात परतले.

"सरळ केस आहे," खानविलकर म्हणाले. "किल्ली त्याची, कुलूप शाबूत, दुपारी तो गेटवर नव्हता. सिलेंडर म्हणे चौथ्या मजल्यावर नेला. एक सिलेंडर न्यायला पाऊण तास लागतो? विचार त्याला नीट. कबूल झाला तर संध्याकाळी अटक दाखव."

"तसा तो जुना माणूस आहे, साहेब. नऊ वर्षं झाली त्याला."

"मग नऊ वर्षं त्यानं पंप पाहिलाय. विचार त्याला."

चंद्रप्रकाश आतल्या खोलीत बाकावर गुडघे जुळवून बसला होता. राऊळांनी दार लोटलं आणि समोर खुर्ची ओढली. काय विचारायचं, हे त्यांना सुचेना. चंद्रप्रकाशनंच दाराकडे एकदा पाहिलं आणि तो पुढे वाकला.

"साहेब, मी कुणाला नाय बोललो."

"काय नाही बोललास?"

"तुम्ही वेश बदलून येता ते."

राऊळांनी वळून दार नीट लागलंय का, ते पाहिलं.

"पहिल्या दिवशीच ओळखलं होतं," चंद्रप्रकाश दबक्या आवाजात सांगू लागला. "तुम्ही हॉलमध्ये भाषणाला उभे राहिले, तेव्हा माइक हातात घेऊन 'रे म्हाराजा' म्हणाले. आठ दिवसांनी इंजिनियरसाहेब शिडीवर चढताना तेच म्हणाले. आवाज पण तोच. मी समजलो, गुप्त काम आहे. सरकारी आहे. आपण मधे पडायचं नाय. बायकोला पण नाय सांगितलं. आज मॅडमनं विचारलं, तरी नाय सांगितलं."

बाहेर कुणीतरी बिनतारी संचावर कुठल्यातरी गाडीचा नंबर पुन्हा पुन्हा सांगत होतं.

"फक्त एक सांगा, साहेब," चंद्रप्रकाश म्हणाला. "ते दार उघडं ठेवलं, तो पण त्या कामाचाच भाग होता ना? म्हणजे चोराला पकडायला?"

"चंद्रप्रकाश..."

"असेल तर ठीक आहे. मी बसतो इथे. पण शनिवारी माझी मंडळी गावावरून येणार. मला कुर्ला टर्मिनसला जायचंय आणायला. तोपर्यंत होईल ना तुमचं?"

आयुष्यात राऊळांनी या खोलीत अनेकांना रडवलं होतं. आज त्यांनाच तिथे बसवेना. ते उठून बाहेर आले आणि मुकुलला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. तिसऱ्या वेळी फोन बंद असल्याचा संदेश आला.

ते रस्त्यावर येऊन रिक्षात बसले. ठाण्यापासून अमृतकुंज चालत पंधरा मिनिटं. रिक्षानं त्या दिवशी नाक्यावर मेट्रोच्या खांबासाठी खणलेल्या खड्ड्याशीच सात मिनिटं काढली. राऊळ दर अर्ध्या मिनिटानं फोन लावत होते. मुकुलनं आयुष्यात कुठलंच काम सांगितल्या वेळी केलं नव्हतं. आजही करू नये, अशी प्रार्थना ते देवगडच्या ग्रामदैवताला मनातल्या मनात करत होते. शेवटी त्यांनी रिक्षा सोडली आणि वर्दीत, भर दुपारी, पळत सुटले. वाटेतल्या भाजीवाल्यानं आपली गाडी आपोआप आत घेतली.

ऑफिसचं दार ढकललं, तेव्हा मुकुल पडद्यासमोर बसला होता आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. दिशा त्याच्या खांद्यामागे उभी होती. पडद्यावर एक चौकट आली होती, ती कायमचं पुसायचं का, असं विचारत होती. मुकुलचं बोट माउसवर होतं.

"मुकुल, हात काढ," राऊळ म्हणाले.

मुकुलनं हात असा उचलला, जणू माउस तापला होता. दिशा सावकाश वळली.

"सर, तुम्ही याला ओळखता?"

राऊळांना धाप लागली होती. त्यांना अजूनही दोन-तीन उत्तरं देता आली असती. एक तर अगदी बरं होतं.

"माझा मेव्हणा आहे," ते म्हणाले. "दुकान माझं आहे. इंजिनियर मी आहे. सरक, मुकुल."

ते खुर्चीवर बसले, नको असलेली चौकट बंद केली आणि मंगळवार, दुपारी दोन, कॅमेरा चार लावला. हे सगळं करायला त्यांना सहा सेकंद लागले. दिशानं वहीचं नवं पान उलटलं.

पडद्यावर आधी सगळं पांढरट होतं. दोन वाजून आठ मिनिटांनी टोपी आणि मास्क घातलेला एक माणूस शिडी घेऊन आला. त्यानं पंपाच्या खोलीचं कुलूप काढलं, आत गेला, बाहेर आला, शिडीवर चढला. चित्रात फक्त एक मोठं पोट आलं. मग एक फडकं पडद्यावरून फिरलं आणि सगळं एकदम लख्ख झालं. माणसाला धाप लागली असावी. त्यानं मास्क हनुवटीखाली ओढला आणि कॅमेऱ्यात डोळा घालून पाहिलं. विद्याधर राऊळांचा चेहरा पडदाभर पसरला. नाकपुडीतला केससुद्धा मोजता आला असता.

"क्लिअरिटी चांगली आहे," मुकुल उगाचच म्हणाला.

दोन एक्केचाळीसला त्या माणसानं खिशातून फोन काढला, नाव वाचलं आणि शिडीच्या चौथ्या पायरीवर सावधान उभा राहिला. आवाज नव्हता, पण ओठांवरून 'कोर्टात, साहेब' स्पष्ट वाचता येत होतं. मग धांदल. शिडी, पिशवी, आणि चित्र रिकामं. दार वाऱ्यानं एकदा उघडलं, एकदा मिटलं. कुणी ते लावलं नाही.

तीन वाजून वीस मिनिटांनी मागच्या गेटातून तीनचाकी टेम्पो आला. दोन माणसं उतरली. त्यांनी हलणाऱ्या दाराकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि आत गेली. अठरा मिनिटांनी ती पंप घेऊन बाहेर आली. टेम्पो वळला, तेव्हा त्याच्या मागचा नंबर असा स्वच्छ दिसला, की दिशानं तो न थांबवता उतरवून घेतला.

"एवढा स्वच्छ नंबर मी कुठल्याच फुटेजमध्ये पाहिला नव्हता," ती म्हणाली.

"दोन वाजता दिसला नसता," राऊळ म्हणाले. "काचेवर धूळ होती आणि कोन चुकला होता. मी सरळ केला." बोलता बोलता त्यांच्या आवाजात अभिमान शिरला. तो लक्षात येताच ते गप्प झाले. मग म्हणाले, "या केसचा तपास मी करू शकत नाही, दिशा. मी साक्षीदार आहे. नाहीतर..."

"नाहीतर काय, ते मी बघते, सर," दिशा म्हणाली. "बसा. पूर्ण नाव सांगा."

"तुला माहितीये."

"लिहायला लागतं, सर."

राऊळांनी नाव सांगितलं, वय सांगितलं आणि व्यवसाय विचारल्यावर थोडे थांबले.

टेम्पो संध्याकाळच्या आत साकीनाक्याला एका गाळ्यासमोर सापडला. पंप अर्धा उघडलेला होता, आतली तांब्याची तार अजून जागेवर होती. ती दोन माणसं भंगार गोळा करत फिरायची. दार उघडं दिसलं म्हणून आत गेलो, असं त्यांनी सांगितलं, आणि राऊळांना ते पूर्ण पटलं. अमृतकुंजच्या लोकांनी त्याच संध्याकाळी जवळच्या दुकानातून दुसरा पंप आणून बसवला. अनुपमाबाईंचे केस तोपर्यंत तसेच वाळले होते.

चंद्रप्रकाशला सोडायला राऊळ स्वतः गेले. त्यांनी त्याला गेटपर्यंत आणलं आणि सगळं सांगितलं. गुप्त काम नव्हतं, सरकारी नव्हतं, दुकान होतं. दार विसरून उघडं राहिलं. चंद्रप्रकाशनं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण काहीतरी उतरल्यासारखं झालं.

"असं कुणाला सांगू नका, साहेब," तो शेवटी म्हणाला. "गुप्त काम होतं, असंच सांगा. ते बरं वाटत होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी राऊळ खानविलकरांच्या केबिनमध्ये दोन पानी कबुलीजबाब घेऊन उभे राहिले. खानविलकरांनी तो वाचला. 'खोटी नोंद' या शब्दांखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली, 'शिडी' या शब्दातली ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली, मग ती मुळात बरोबर होती हे लक्षात येऊन पुन्हा ऱ्हस्व केली.

"दर वर्षी एक फॉर्म भरून घेतो आपण," ते म्हणाले. "स्वतःचा किंवा घरच्यांचा काही व्यवसाय आहे का म्हणून. तू काय लिहिलंस?"

"निरंक, साहेब."

"हे पाच वर्षं?"

"पाच वर्षं निरंक."

"वर जाणार हे. चौकशी लागेल. तपासाच्या कामावरून तुला आजच काढतोय. आणि तो मास्क घालून व्याख्यान दिलेल्या सोसायटीत जायचास, लाज नाही वाटली?"

"वाटायची, साहेब. वायरिंग करताना विसरायचो."

खानविलकरांनी कागद आवक-जावक कारकुनाकडे पाठवला. त्यावर शिक्का बसला, नंबर पडला, आणि अर्ध्या तासात ठाण्यातल्या प्रत्येकाला तो पाठ झाला.

दुपारी राऊळ आपलं टेबल आवरत होते. अभिलेख कक्षात त्यांची बदली झाली होती. दिशा समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात फॉर्म होता, कोरा.

"सर, एक विचारायचं होतं. शिकवणं व्यवसायात मोडतं का?"

"कसलं शिकवणं?"

"स्पर्धा परीक्षेचं. मोबाइलवर व्हिडिओ टाकते. चॅनल बहिणीच्या नावावर आहे, ऋतिकाच्या. चेहरा दाखवत नाही, फक्त फळा आणि हात."

"किती जण बघतात?"

"चाळीस हजार."

राऊळांनी विचार केला. "मग मोडत असावं."

"मलाही तसंच वाटलं," ती म्हणाली आणि समोरच बसून भरायला लागली. गेल्या वर्षी आधीच्या ठाण्यात भरलेल्या फॉर्मवरच्या 'निरंक'चं काय करायचं, हेही तिनं विचारलं. राऊळांनी दुरुस्तीचा अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं, कारण सकाळी त्यांनी तो लिहिला होता.

ते पाहून हवालदार खंडू तोरस्कर आले. त्यांचे दोन शाळेचे टेम्पो फिरत होते आणि ते स्वतः शाळेसमोरच्या वाहतुकीला नेमलेले होते. मग कारकून आला, त्याच्या सासूच्या नावानं ठाण्याला रोज जेवणाचे डबे यायचे. कुणाची वाकोल्याला पोळीभाजीची गाडी, कुणाचं गोरेगावला शूटिंगला खुर्च्या भाड्यानं देण्याचं काम. राऊळांची उघडपणे बदली झाली आणि ते जिवंत आहेत, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. रोज भीत बसण्यापेक्षा हे बरं, असा काहीतरी वारा ठाण्यात शिरला. चार वाजता कोरे फॉर्म संपले आणि झेरॉक्स काढायला माणूस पाठवावा लागला.

साडेपाचला खानविलकरांनी राऊळांना आत बोलावलं. टेबलावर चौदा फॉर्म होते. खानविलकरांनी ते एकेक करून वाचले होते, दिसायला तरी तसंच होतं. त्यांचा चष्मा कपाळावर होता आणि चेहरा थकलेला.

"दार लाव," ते म्हणाले.

राऊळांनी दार लावलं. कडी नीट बसल्याची खात्री करून घेतली.

"हे सगळं माझ्या ठाण्यात चालू होतं. आणि मला पत्ता नाही."

"साहेब, चूक माझीच."

"ते आहेच. ते मी लिहिलंय वर." खानविलकरांनी फॉर्मांची चवड टेबलावर ठोकून सरळ केली. "टेम्पो, डबे, खुर्च्या, फळा. प्रत्येकाला काहीतरी येतं. मी माझा फॉर्म काढून पाहिला, राऊळ. छत्तीस वर्षं निरंक लिहितोय. आणि ते खरं आहे."

याला अभिनंदन म्हणावं की काय, ते राऊळांना कळेना.

"येत्या मे महिन्यात मी रिटायर होतोय," खानविलकर म्हणाले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला. "घरी बसून काय करायचं, हे मला छत्तीस वर्षांत कधी सुचलं नाही. ते वायरिंग शिकायला साधारण किती दिवस लागतात रे?"